त्या रस्त्यानं बस नव्हती

सोमवार, बारा तारीख, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे बरे आहोत, तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालतो. पत्र बघून तू आधी दचकशील, मग पाकीट उलटसुलट करून बघशील, की ह्या माणसाला अचानक लिहायची हुक्की कुठून आली. फोन असताना पत्र कसलं, असं तुझी वहिनी सकाळपासून दोनदा म्हणून झाली. मी म्हटलं, फोनवर मी नुसता बडबडतो आणि मूळ मुद्दा राहून जातो. ती म्हणाली, मग पत्रातही राहीलच. बघू.

बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. सकाळी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या चालण्यात खोट काढतात, आणि स्वतःला उठायचं असलं की तीन-तीन हाका मारतात. आईला नवा चष्मा लागला. त्यातून तिला घरातली धूळ दिसायला लागल्यामुळे आमचे सगळ्यांचे हाल चालले आहेत. वहिनीची बदली टळली. माझं वजन वाढलंय, पण ते मी कुणाला सांगत नाही, शर्टच सांगतो.

गेला शनिवार-रविवार आमच्याकडे नुसता गोंधळ होता. दरवर्षीचंच ते. शनिवारी दुपारी स्टेडियमवर सामना, संध्याकाळी नदीकाठच्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम, रविवारी सकाळी धावण्याची शर्यत. हे कार्यक्रम ठरवणारी माणसं आयुष्यात कधी बसमध्ये चढली नसावीत, असं आमचा वेळापत्रकवाला म्हणतो. अकरा मार्ग वळवले, चार बंद ठेवले. आम्ही पर्यवेक्षक लोक गळ्यात शिट्ट्या अडकवून चौकाचौकांत उभे. एक बाई माणसाच्या उंचीचं वाद्य घेऊन आली. म्हणाली, याचंही तिकीट काढते, पण याला बसायला जागा द्या. एक गृहस्थ तोंडाला आपल्या संघाचा रंग फासून समोरच्या संघाच्या लोकांनी भरलेल्या बसमध्ये चढला आणि तीन थांबे जीव मुठीत धरून उभा होता. असल्या गमती चालतात. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

माझी नेमणूक ग्रंथालयाच्या मागच्या थांब्यावर होती.

तो थांबा हल्ली त्या दोन दिवसांत बंदच असतो. पाटीवर काळी पिशवी बांधतात. माझं काम एवढंच, की कुणी येऊन उभं राहिलं तर त्याला सांगायचं, इथून आज बस नाही, चौकापर्यंत चालत जा. गणवेश असला की लोक ऐकतात. चार वाजेपर्यंत दीड-दोनशे लोकांना सांगितलं असेल, एकानंही वाद घातला नाही.

चारच्या सुमाराला एक बाई आली. पन्नाशीची असेल, चपला हातात. मी पलीकडे वळणावर दोरी बांधत होतो, तिथून परत आलो तर ती चिडलेली. म्हणाली, "अहो, आत्ता बस गेली इथून. मी हात केला, थांबली नाही." मी म्हटलं, "बाई, ह्या रस्त्यानं आज बसच नाही." ती म्हणाली, "मी काय आंधळी आहे?" तिथे आणखी तीन-चार जण उभे होते, नुकतेच आलेले. त्यांनी माझ्या गणवेशाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि त्यातला एकजण गालातल्या गालात हसला.

त्याचं ते हसणं बघून मी हातातली दोरी खाली टाकली. मी कंट्रोल रूमला फोन लावला. ते म्हणाले, हो, नऊ नंबरचा ड्रायव्हर नवीन आहे, वळण चुकला आणि तिकडून गेला. मी त्या बाईला सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं बरोबर आहे, बस गेली होती. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "मग आधी का नाही विचारलंत?" आणि चपला हातात घेऊन चौकाकडे चालायला लागली.

मी तिथे संध्याकाळपर्यंत उभा होतो. काय सांगत होतो, कुणाला सांगत होतो, काही लक्षात नाही. काल दिवसभर शर्यतीच्या बंदोबस्तात पाय मोडले, आज सुट्टी आहे, आणि आता हे लिहायला बसलोय. तीन कागद फाडले. तुझी वहिनी खरं बोलते, पत्रातही मुद्दा राहतोच. तेव्हा आता घालतोच हात.

ठमे, सहा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी ग्रंथालयाच्या मागून बस गेली होती. नऊ नंबर. चार वाजून दहा मिनिटांनी. ती मी चालवत होतो.

तू थांब्यावर उभी होतीस. करड्या रंगाचे नवे कपडे, बगलेत गाण्यांची वही. मंचावर उभं राहावं तशी ताठ उभी होतीस, बहुतेक मनात म्हणत असशील गाणं. बस बघितलीस आणि हात वर केलास. मी तुला लांबूनच ओळखलं होतं. गाडी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

त्या वर्षी नऊ नंबर ग्रंथालयाच्या मागूनच वळवली होती. वळवलेल्या मार्गावर जुन्या चौकापासून पुलापर्यंत मध्ये कुठे थांबायचं नाही, असा आम्हाला हुकूम होता. हे खरं आहे. आणि इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण त्याच फेरीत, तुझ्या आधी दोन वळणं, एक म्हातारं जोडपं हात करत होतं, त्यांच्यासाठी मी थांबलो होतो. त्यांना चढवून, ते नीट बसेपर्यंत थांबून मग गाडी हलवली. तेव्हा हुकुमाचं नाव मी घेऊ शकत नाही.

मग का? त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता. मी सांगितलं, कुणालाच रजा नाही, मला यायला जमणार नाही. तू म्हणालीस, "बरंच झालं दादा, पहिल्या रांगेत बसून घोरला असतास." चेष्टाच होती ती. मी हसलोसुद्धा. पण दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं. आपण दोघं एकदमच बाईंकडे गाणं शिकायला जायला लागलो होतो. मी तेरा वर्षांचा, तू नऊ. तीन महिन्यांनी बाई आईला म्हणाल्या, मुलीला ठेवा, मुलाला गळा आहे पण कान नाही. घरी कुणी मला एका शब्दानं काही बोललं नाही. बाबांनी फक्त मला सायकल घेऊन दिली, तुला क्लासला सोडायला आणि आणायला. पुढे सात वर्षं मी तुला सोडलं आणि आणलं. दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. मला कान नाही म्हणतात, पण तुझी सगळी गाणी मला आजही पाठ आहेत.

हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटायची. एवढा मोठा घोडा, आणि बहिणीवर जळतो.

तर तू हात केलास, आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मग मी तो उचलला. मनात आलं, राहू दे हिला जरा उभी. मागून वीस मिनिटांत दुसरी नऊ येतेच आहे, तिच्यावर आमचा जाड्या आहे, तो कुत्र्यानं शेपूट हलवली तरी थांबतो. वीस मिनिटं उभी राहिली तर काय बिघडतं. एवढाच विचार होता गं. तुझा कार्यक्रम बुडावा असं माझ्या मनात नव्हतं. पण तुला वीस मिनिटं त्रास व्हावा, हे होतं.

पुलावर पोहोचलो आणि मागे सामना सुटला. गर्दी पुलावर आली, पूल बंद केला, जाड्याची गाडी चौकातूनच परत फिरवली. मला हे शेवटच्या थांब्यावर कळलं. म्हणजे तुझ्याकडे कुणीच येणार नव्हतं. टॅक्सीला त्या भागात मनाईच होती. मी तुला फोन करू शकलो असतो. कंट्रोल रूमला सांगू शकलो असतो, की तिथे एक बाई उभी आहे, तिला कुणीतरी घ्या. असं आम्ही करतो. पण मग विचारलं असतं, तू का नाही घेतलीस. मी पाणी प्यायलो आणि पुढच्या फेरीला निघालो.

तू चालत गेलीस. साडेपाचला तुझं गाणं होतं, तू सव्वासहाला पोहोचलीस. बाईंनी तुझ्या जागी दुसरी मुलगी उभी केली होती. तुझं ऐकूनही घेतलं नाही, कारणं सांगणारी माणसं मला नकोत म्हणाल्या. अठरा वर्षं ज्यांच्याकडे शिकलीस त्यांचं दार त्या दिवशी बंद झालं.

आणि खरं वाईट मी त्यानंतर केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण सगळे आईकडे जेवायला बसलो होतो. मेहुणे होते, तुझी वहिनी होती. तू सांगत होतीस. बस आली होती, रिकामी होती, ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. बाबांना ते पटेना. त्यांच्या डोक्यात आधीच होतं, की तू आयत्या वेळी घाबरलीस आणि उशिरा निघालीस. त्यांनी विचारलं, नंबर काय होता? तू म्हणालीस, नाही पाहिला. मग ते माझ्याकडे वळले. "काय रे, तू त्यातला माणूस. तिथून होती का बस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंधरा दिवसांवर माझी बढतीची मुलाखत होती. तू तक्रार केलीस तर चौकशी होईल, फेरीचा कागद काढतील, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी ताटाकडे बघत म्हणालो, "त्या रस्त्यानं बस नव्हती."

चारच शब्द. पण ते बसवाल्याचे होते, त्यामुळे विषयच संपला. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग तू पाण्याचा तांब्या उचललास आणि सगळ्यांना पाणी वाढलंस. मेहुणे म्हणाले, "जाऊ दे, हिची बस आली नाही." आणि सगळे हसले.

तेव्हापासून ते आपल्या घरात रुजलं. भाजीत मीठ कमी पडलं, हिची बस आली नाही. कुणी उशिरा उठलं, बस आली नाही. तुझी पोर शाळेतून कमी गुण घेऊन आली तरी तेच. बाहेरच्या माणसाला वाटेल काय प्रेमळ कुटुंब आहे, कशी एकमेकांची खेचतात. दर वेळी मीही हसायचो. न हसणं जास्त उघडं पडलं असतं.

तू हळूहळू काही सांगायचंच बंद केलंस. मला ते दिसत होतं. सांगायला लागायचीस, अर्ध्यावर थांबायचीस, मग म्हणायचीस, "असो, सोड." मला बढती मिळाली, तेव्हा पहिला फोन तुझा आला.

आता गेल्या वर्षीचं. तुझ्या पोरीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे तुमच्या नव्या गावी आलो होतो. केक कापायच्या आधी पोर म्हणाली, आई, तू गा. तू म्हणालीस, "नको गं. सकाळपासून डाव्या कानानं ऐकूच येत नाहीये. आत नुसतं घोंघावतंय." मेहुणे म्हणाले, "बघा, हिची बस आली नाही." खोलीभर हशा. त्यात सगळ्यात मोठा माझा होता. तू माझ्याकडे बघितलंस, मग तूही हसलीस आणि सुरी आणायला आत गेलीस.

डॉक्टरकडे तू तीन आठवड्यांनी गेलीस. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषधानं कान परत आला असता कदाचित, आता काही करता येत नाही. हे मला आईनं महिन्यापूर्वी सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि खाली जाऊन उगाच गाडी पुसत बसलो.

कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या "कदाचित"ला धरून महिनाभर जगलो. पण कानाचं जाऊ दे. तुझं घरात कुणी खरं मानत नाही म्हणून तू तीन आठवडे गप्प बसलीस, त्यात कुठेही कदाचित नाही. ते माझ्यामुळे झालं.

हे पत्र आज टाकत नाही. आधी बाबांना सांगायला हवं. तुला गुपचूप कळवलं आणि इथे टेबलावर पूर्वीसारखाच बसलो, तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. येत्या रविवारी सगळे घरी आहेत. सांगून झालं की पुढचं लिहितो.

रविवार, अठरा तारीख, संध्याकाळ

ठमे,

सांगितलं. जेवणं झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी. वहिनीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती आज जेवताना माझ्या शेजारी बसली नाही, समोर बसली.

मी सगळं सांगितलं. फेरीचा नंबर, वेळ, म्हातारं जोडपं, ब्रेकवरचा पाय, मुलाखत. बाबांना आधी समजेचना. म्हणाले, "पण तूच तर म्हणाला होतास, बस नव्हती." मी म्हटलं, "खोटं बोललो होतो." ते बराच वेळ काठी टेबलाच्या पायाला टेकवत राहिले. मग म्हणाले, "झालं ते झालं. आता तिला कशाला कळवतोस. तिला नुसता मनस्ताप." मी म्हटलं, कळवणार. त्यावर ते चिडले. मला गाढव म्हणाले, आणखीही काही म्हणाले, ते मी इथे लिहीत नाही. आणि मग एकदम आवाज खाली आला. "अरे, मी तिला किती वेळा बोललो असेन?" ते त्यांचं त्यांनाच मोजू दे म्हणून मी ताटं गोळा करायला लागलो.

आई एवढा वेळ ऐकत होती. चष्मा काढून पदराला पुसत बसली होती. ती म्हणाली, "तिला काय कळवायचंय त्यात? तिला माहीत आहे."

मला वाटलं, म्हातारी गोंधळलीये. मी म्हटलं, काय माहीत आहे? ती म्हणाली, "त्याच दिवशी संध्याकाळी आली होती माझ्याकडे. पायांना फोड आले होते, मी मलम लावत होते. मला म्हणाली, आई, गाडीवर दादा होता. माझ्याकडे बघितलं त्यानं आणि गेला. बाबांना सांगू नकोस, त्याची मुलाखत आहे. मला शपथ घातली तिनं."

मी विचारलं, मग तू सहा वर्षं गप्प का बसलीस? आई म्हणाली, "तू कधी बोलतोस, ते बघत होते."

म्हणजे दुसऱ्या दिवशी टेबलावर बाबांनी नंबर विचारला, तेव्हा तुला नंबर माहीत होता. तुला गाडी माहीत होती, ड्रायव्हर माहीत होता, आणि तो समोर बसून जेवत होता. त्या टेबलावर आपण दोघंही खोटं बोललो, ठमे. मी मला वाचवायला बोललो, आणि तू मला वाचवायला.

आणि वाढदिवसाला सगळे हसले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं होतं, सहज बघितलंस. एक माणूस त्या खोलीत होता, ज्याला माहीत होतं की तू खोटं बोलत नाहीस. तू त्याच्याकडे बघितलंस. तो मोठ्यानं हसला.

मेहुण्यांना मी दुपारी फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती बाजारात गेलीय. आली की सांगू?" मी म्हटलं, नको, पत्र येतंय. ते म्हणाले, "मला तिच्याशी बोलायला लागेल." त्यांना बोलू दे. त्यांचं वाक्य त्यांचं आहे, पण त्याला आधार माझा होता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांच्यावर सगळं ढकलू नकोस.

मी माफी मागत नाहीये. मागितली की तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसला मेला, आणि मग मी मोकळा होईन. मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही. एवढंच लिहितो, आणि हे बाबांना, आईला, वहिनीला वाचून दाखवून मगच पाकीट बंद करणार आहे: त्या दिवशी बस आली होती. तू वेळेवर निघाली होतीस. तू घाबरली नव्हतीस. तुझा कान खरंच गेला होता. तू आजवर आमच्याशी एकदाच खोटं बोललीस, ते माझ्यासाठी.

येत्या शनिवारी मी तिकडे येतोय. दोन दिवस रजा टाकली आहे. पहिल्या बसनं निघेन, दहापर्यंत पोहोचेन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी जिन्यात बसून राहीन, मला दाराबाहेर बसायची सवय आहे. उघडलंस तर तुझ्या उजव्या बाजूला बसेन. जे इथे लिहिलं ते तुला ऐकू जाईल असं, तोंडानं सांगायचंय.

पोरीला पापा.

तुला बघूनही पुढे गेलेला,
तुझा
दादा